विश्लेषण : मजुराच्या दिवसाची नोंद कुणाच्या फोनमध्ये?

रोजगार हमीच्या कामावर मजूर किती वाजता आला आणि दिवसभर होता की नाही, याची नोंद पूर्वी कागदी हजेरीपटावर व्हायची. आता ती मुकादमाच्या किंवा ग्राम रोजगार सेवकाच्या मोबाइलमध्ये होते, तिथून सर्व्हरवर जाते आणि पुढे पंचायत समिती, जिल्हा, राज्य व केंद्र अशा सर्व पातळ्यांवर दिसते. एका माणसाच्या एका दिवसाची माहिती इतक्या ठिकाणी साठवली आणि वाटली जाते. तिच्यावर ज्याची मजुरी ठरते, त्याच्या हातात मात्र तिची प्रत असेलच असे नाही. खटाव, माण, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यात या प्रश्नाला मोठा अर्थ आहे. कारण रोजगार हमीची कल्पना याच भागाच्या शेजारी रुजली आणि तिचा सगळा हिशेब पहिल्यापासून हजेरीवरच उभा आहे.

औंधचा संदर्भ काय?

औंध हे आज सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले गाव. १९४८ पर्यंत ते पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी होते. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. त्यातला आटपाडीचा भाग आज सांगली जिल्ह्यात आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी २१ जानेवारी १९३९ रोजी नवी राज्यघटना लागू करून कारभाराची सूत्रे ग्रामपंचायतींकडे सोपवली. आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात मोठा वाटा होता आणि आराखड्याला महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते. ‘औंधचा प्रयोग’ म्हणून तो ओळखला जातो. गावचा कारभार गावाच्या डोळ्यांसमोर चालावा, ही त्यामागची कल्पना होती.

या जुन्या संस्थानाच्या गावांत पाऊस कमी. नालाबांध, सलग समतल चर, शेततळी, रस्ते ही कामे इथे नवी नाहीत. संस्थान गेले, दोन जिल्हे झाले, पण कामाच्या दिवसाचा हिशेब गावाला वाचता यावा ही गरज तशीच राहिली.

कागदी हजेरीपट कसा चालायचा?

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे जनक मानले जाणारे वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. विधान परिषदेचे ते दीर्घकाळ सभापती होते. तासगाव तालुक्यात १९६०च्या दशकात झालेल्या प्रायोगिक कामातून ही योजना आकाराला आली आणि १९७२ मध्ये राज्यात सुरू झाली. त्याच सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात लाखो माणसे सरकारी कामांवर गेली. १९७७ मध्ये योजनेला कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. केंद्राचा रोजगार हमी कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००५ मध्ये आला.

या सगळ्या काळात हजेरीपट हाच मूळ दस्तऐवज होता. त्यात मजुराचे नाव, तारखांचे रकाने आणि शेवटी सही किंवा अंगठा. मुकादम सकाळी नावे पुकारायचा व रकाने भरायचा. काम मोजून त्याची नोंद मोजमाप पुस्तिकेत व्हायची. हजेरी आणि मोजमाप यांची सांगड घालून मजुरी निघायची.

या पद्धतीचे दोष सर्वांना माहीत होते. कामावर न आलेल्यांची नावे हजेरीपटावर चढायची, कोरा हजेरीपट घरी बसून भरला जायचा, ‘बोगस मजूर’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. पण कागदाचा एक गुण होता. हजेरीपट कामावरच असेल तर मजूर आपले नाव दाखवायला सांगू शकत होता. वाचता न येणाऱ्याला शेजारचा वाचून दाखवायचा. खाडाखोड केली तर ती डोळ्यांना दिसायची.

ॲप आल्यावर काय बदलले?

केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने मे २०२१ मध्ये ‘नॅशनल मोबाइल मॉनिटरिंग सिस्टीम’ म्हणजे एनएमएमएस हे ॲप आणले. सुरुवातीला त्याचा वापर ऐच्छिक होता. १६ मे २०२२ पासून २० किंवा त्याहून अधिक मजुरांच्या कामांवर आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे सोडून सर्वच कामांवर ते सक्तीचे झाले.

पद्धत अशी : संगणकावर निघालेला ई-हजेरीपट ॲपमध्ये उघडतो. कामावर आलेल्यांच्या नावापुढे हजेरी लावायची आणि सर्वांचा फोटो काढायचा. फोटोबरोबर वेळ आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. दुसरा फोटो पहिल्यानंतर किमान चार तासांनी काढायचा. मजूर नुसता आला एवढेच नव्हे, तर काही तास कामावर टिकून होता, हे दाखवणे हा त्यामागचा हेतू.

म्हणजे हजेरीपटाने आता घड्याळाचे काम सुरू केले. पूर्वी ‘आज हजर’ एवढीच नोंद होती, आता ‘अमुक ठिकाणी, अमुक वाजता’ अशी ती झाली. रोजगार हमीची मजुरी प्रत्यक्षात झालेल्या कामाच्या मोजमापावर ठरते. पहाटे लवकर येऊन उन्हाच्या आधी ठरलेले काम संपवणाऱ्या मजुरालाही दुसऱ्या फोटोसाठी थांबावे लागते. मे महिन्यात उघड्या माळावर असे थांबणे सोपे नसते.

नेटवर्क नसेल तर नोंद कुठे राहते?

चर आणि बांधाची कामे डोंगरउतारावर चालतात आणि तिथे सिग्नल मिळेलच असे नाही. म्हणून हजेरी व फोटो नेटवर्कशिवाय घेऊन नंतर पाठवण्याची सोय ॲपमध्ये आहे. तोवर ती नोंद फक्त त्या एका फोनमध्ये असते. फोन हरवला, पाण्यात पडला, बिघडला किंवा ॲप काढून पुन्हा टाकताना आतली माहिती पुसली गेली, तर त्या दिवसाचा दुसरा पुरावा उरत नाही.

अशा कुठल्याही व्यवस्थेत नोंदीच्या तीन अवस्था वेगळ्या ओळखाव्या लागतात. नोंद झाली, नोंद पाठवली गेली आणि नोंद सर्व्हरवर पोहोचली. फोनच्या पडद्यावर हजेरी लागलेली दिसते, म्हणून ती पोहोचली असे होत नाही. कुरिअरचे पाकीट दुकानात दिल्याची पावती आणि ते पोहोचल्याची पावती यांत जो फरक, तोच इथे आहे. मजुराला दुसरी पावती मिळायला हवी. सध्या त्याला सहसा पहिलीही मिळत नाही.

अपवादात्मक परिस्थितीत हजेरी ॲपवर चढू शकली नाही, तर ती हाताने नोंदवण्याची मुभा देण्याचा अधिकार जिल्हा कार्यक्रम समन्वयकाला, म्हणजे महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्याला आहे. वाट आहे, पण लांबची. माळावरच्या मजुराची एका दिवसाची तक्रार मुकादम, रोजगार सेवक आणि तालुका ओलांडून जिल्ह्यापर्यंत जायला हवी.

घड्याळ कुणाचे खरे धरायचे?

वेळेची नोंद अनेक उपकरणांमध्ये वाटायची, तर पहिला प्रश्न असतो की वेळ कुणाची. फोनमधली तारीख चुकीची असू शकते किंवा मुद्दाम मागेपुढे करता येते. सर्व्हरचे घड्याळ सहसा बरोबर असते, पण ते नोंद पोहोचल्याची वेळ सांगते, काम सुरू झाल्याची नाही. सकाळी ८ वाजता लावलेली हजेरी रात्री ९ वाजता गावात नेटवर्क मिळाल्यावर पोहोचली, तर दोन्ही वेळा खऱ्या असतात. म्हणून चांगली व्यवस्था दोन्ही वेळा वेगळ्या जपते आणि एकीने दुसरी पुसत नाही. दोहोंत नेहमीपेक्षा फार अंतर दिसले, तर चौकशी करता येते.

घड्याळावरून कामगार आणि व्यवस्था यांच्यात तंटा होणे महाराष्ट्राला नवे नाही. १९०६ मध्ये देशात प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. नव्या घड्याळाप्रमाणे गिरणीत हजर व्हायचे, तर सूर्याच्या हिशेबाने तेवढे आधी उठणे आले. गिरणी कामगारांनी त्याला विरोध केला. शहरात ‘मुंबई टाइम’ त्यानंतरही अनेक दशके, १९५०च्या दशकापर्यंत चालू राहिला. घड्याळाचा काटा कुणी फिरवायचा, हा प्रश्न तेव्हाही कष्टाच्या तासांशी बांधलेला होता.

एकाची नोंद चुकली तर इतरांचे काय?

रोजगार हमीत पुष्कळदा गटाने काम होते. गटाने खोदलेल्या चराचे मोजमाप करून रक्कम काढली जाते आणि ती हजेरीच्या दिवसांनुसार वाटली जाते. त्यामुळे हजेरीची नोंद एकट्याची राहत नाही, ती सामाईक ताटातला वाटा ठरवते.

समजा, १० जणांच्या गटाने सहा दिवस काम केले. एकूण हजेरी ६० दिवसांची. मोजमापाप्रमाणे रक्कम निघाली १६,८०० रुपये. म्हणजे प्रत्येक दिवसाला २८० रुपये. आता यात कामावर न आलेल्यांच्या पाच खोट्या हजेऱ्या घुसवल्या, तर भागाकार ६५ ने होईल आणि दिवसाला साधारण २५८ रुपये पडतील. सहा दिवस राबलेल्या प्रत्येकाचे जवळपास १२९ रुपये गेले. चोरी सरकारची झाली असे वाटते, खिसा मात्र शेजारच्या मजुराचा कापला जातो.

उलट, नेटवर्कअभावी एकाच्या दोन दिवसांची नोंद हरवली, तर भागाकार ५८ ने होईल. इतरांना दिवसाला साधारण २९० रुपये पडतील आणि ज्याची नोंद हरवली तो चार दिवसांच्या पैशांवर घरी जाईल. म्हणजे त्याची दोन दिवसांची मेहनत इतरांत वाटली गेली. गटातल्या प्रत्येकाला सगळ्यांची हजेरी दिसणे का गरजेचे आहे, ते या साध्या गणितातून कळते.

उशिराच्या मजुरीचा हिशेबही याच नोंदीवर चालतो. हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी मिळायला हवी. १६व्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के दराने भरपाई देय होते. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी मजुरीचा दर ३१२ रुपये होता. त्या दराने सहा दिवसांचे १,८७२ रुपये अडकले, तर भरपाई दिवसाला साधारण ९४ पैसे. रक्कम किरकोळ आहे, पण निदान हिशेब तरी आहे. जो दिवस नोंदलाच गेला नाही, त्याला उशीर झाला असे कुणी म्हणत नाही. कागदोपत्री तो दिवस उगवलेलाच नसतो.

फोटो असूनही बनवाबनवी कशी होते?

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून ॲपच्या गैरवापराचे प्रकार सांगितले. कामाशी संबंध नसलेले फोटो चढवणे, प्रत्यक्ष कामावरचा फोटो न काढता जुन्या फोटोचाच फोटो काढणे, फोटोतली माणसे आणि हजेरीतली संख्या न जुळणे, स्त्री-पुरुषांची संख्या न जुळणे, एकच फोटो अनेक हजेरीपटांना लावणे, सकाळच्या आणि दुपारच्या फोटोत वेगळी माणसे असणे, दुपारचा फोटोच नसणे, असे ते प्रकार. त्यावर उपाय म्हणून ग्रामपंचायत पातळीवर सर्व फोटो व हजेऱ्या तपासाव्यात आणि वरच्या पातळ्यांवर नमुना तपासणी व्हावी, असे सांगण्यात आले.

यातून दिसते ते एवढेच, की माहिती साठवणे आणि माहिती तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत. सर्व्हरवर फोटो साठत राहिले, पण ते पाहणारे डोळे कमी पडले. फोटोतल्या माणसांना ओळखू शकेल असा माणूस तालुक्याच्या कचेरीत नसतो, तो गावात असतो. शेवटी यंत्रणेला गावाकडेच यावे लागले.

नोंद कुणाला दिसावी, कुणाला नको?

केंद्राच्या २००५च्या कायद्यातील कलम २३ नुसार हजेरीपटाची प्रत ग्रामपंचायत आणि कार्यक्रम अधिकाऱ्याच्या कार्यालयात पाहण्यासाठी उपलब्ध असायला हवी. कलम १७ ने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला. ऑनलाइन व्यवस्थेतही हजेरीपट आणि फोटो संकेतस्थळावर पाहता येत आले आहेत. पारदर्शकतेच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. औंधमधल्या कामाची हजेरी पुण्यात शिकणारा गावचा मुलगाही तपासू शकतो.

पण याची दुसरी बाजूही आहे. कामावर येणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असतात. त्या रोज कुठल्या माळावर, किती वाजता होत्या, हे फोटोसह जगातल्या कुणालाही दिसावे का? हजेरी गावाला दिसणे आणि चेहरा व ठिकाण सर्वांना दिसणे यांत फरक करता येतो. नाव, दिवस आणि रक्कम सर्वांसाठी खुली ठेवावी. फोटो आणि अक्षांश-रेखांश मजूर, ग्रामसभा व तपासणी करणाऱ्यांपुरते असावेत, अशी विभागणी तंत्रज्ञानाला अवघड नाही. ते कुणीतरी ठरवावे लागते इतकेच.

दुरुस्तीचेही तसेच. नोंद बदलायची गरज कधीतरी पडणारच. पण जुनी नोंद पुसून नवी लिहिली, तर कुणी काय बदलले ते कळत नाही. कागदावर चुकीवर एक रेघ ओढून बाजूला सही करण्याची पद्धत होती. संगणकातही मूळ नोंद तशीच ठेवून दुरुस्ती तिच्याखाली, नाव व वेळेसह लिहिता येते. बँकेच्या खातेपुस्तकात चुकीची नोंद पुसत नाहीत, उलटी नोंद करतात. मजुराचा दिवस बँकेतल्या रुपयापेक्षा कमी मोलाचा धरण्याचे कारण नाही.

मजूर आणि ग्रामसभा काय करू शकतात?

पहिली गोष्ट, जॉब कार्ड. ते मजुराच्या घरात राहायला हवे आणि कामाचे दिवस त्यावर लिहिले जायला हवेत. रोजगार सेवकाच्या कपाटात ठेवलेले जॉब कार्ड मजुराच्या उपयोगाचे नाही. दुसरी, स्वतःची नोंद. घरच्या कॅलेंडरवर कामाच्या दिवसांना खूण करण्याला पैसा लागत नाही. गटातल्या एका वहीत सर्वांची हजेरी लिहून आठवड्याच्या शेवटी सर्वांनी सही वा अंगठा केला, तर फोनमधली नोंद हरवल्यावर तक्रारीला आधार मिळतो. तिसरी, संध्याकाळची विचारणा. ‘हजेरी लावली का’ असे न विचारता ‘हजेरी वर पोहोचली का’ असे विचारावे. चौथी, आठवड्याचा हजेरीपट बंद होण्याआधी तो ग्रामपंचायतीत वाचून दाखवावा किंवा फलकावर लावावा. हजेरीपट बंद झाल्यावर दुरुस्तीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या वाढतात.

नव्या कायद्याने प्रश्न सुटतो का?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगाराचा नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ करण्यात आले आणि बायोमेट्रिक ओळख व मोबाइलवरील देखरेख यांना कायद्याच्या चौकटीतच जागा मिळाली. म्हणजे कामाच्या वेळेची माहिती यापुढे कमी होणार नाही, वाढेल. बोटाचा ठसा किंवा चेहरा जुळवल्याने ‘हा तोच माणूस’ एवढे कळते. राबून घट्टे पडलेल्या हाताचा ठसा यंत्राने ओळखला नाही तर त्या दिवसाचे काय, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

आजवरच्या प्रत्येक सुधारणेत नोंद वरच्या दिशेने अधिक वेगाने जाऊ लागली. खालच्या दिशेने ती तितक्या वेगाने आली नाही. रोज संध्याकाळी मजुराच्या साध्या मोबाइलवर ‘आजची हजेरी पोहोचली, या आठवड्यातील दिवस चार’ असा मराठी संदेश येणे आणि चूक असेल तर ग्रामपंचायतीत लेखी सांगून त्याची पोच मिळणे, यासाठी नव्या शोधाची गरज नाही. बँकेतून पैसे काढल्याचा संदेश क्षणात येतो, तसाच दिवस जमा झाल्याचाही येऊ शकतो. तो येईपर्यंत खटाव-आटपाडीच्या माळावर राबणाऱ्याने कॅलेंडरवरची आपली खूण सोडू नये.